कळसूबाईच्या सहलीला कोणता स्वेटर न्यावा?



जानेवारी महिन्यात आपल्या सातवीच्या वर्गाची सहल भंडारदरा आणि कळसूबाईला जाणार आहे. पहिल्या दिवशी धरण पाहायचे, रात्री डोंगराच्या पायथ्याशी तंबूत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिखराकडे निघायचे, असा बेत ठरला आहे. सामानाची यादी फळ्यावर लागली आहे. तिच्यात ‘गरम स्वेटर किंवा फ्लीस जॅकेट १’ अशी एक ओळ आहे. या एका ओळीने वर्गात दोन प्रकार झाले. काही जणांनी घरी जाऊन नव्या जॅकेटचा हट्ट धरला. आणि काही जणांनी सहलीला नावच दिले नाही. कारण कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावर घालायला गरम काही नाही, आणि नवे घ्यायला या महिन्यात घरात पैसे नाहीत.

म्हणून मी हा लेख लिहिते आहे. चांगले गरम कापड कसे ओळखायचे, विकत घ्यायचे तर काय पाहून घ्यायचे, आणि विकत न घेता घरातल्या कपड्यांवर कसे भागवायचे, हे मी यात सांगणार आहे. माहिती बाईंकडून, वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि माझ्या मामाकडून मिळवली. मामा भंडारदऱ्याकडे राहतो आणि शहरातून येणाऱ्या मंडळींना कळसूबाईची वाट दाखवतो. थंडीत कुडकुडणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली आहेत.

डोंगरावर थंडी जास्त का?

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर आहे. आपण जसजसे वर जातो तसतशी हवा थंड होत जाते. दर १००० मीटर उंचीला साधारण ६ ते साडेसहा अंश सेल्सिअस तापमान उतरते. म्हणजे समुद्रकाठच्या गावापेक्षा या शिखरावर साधारण १० अंश कमी धरायचे. त्यात जानेवारीची पहाट, आणि त्यात वारा! शिखरावर देवीचे छोटे देऊळ आहे, बाकी सगळा माथा उघडा. वाटेत कड्यांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत. तिथे हात थंडीने आखडून गेले तर पकड नीट बसत नाही. तेव्हा गरम कपडा ही तिथे नटण्याची वस्तू नव्हे, गरजेची वस्तू आहे.

कपडा स्वतः गरम नसतो

तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच? स्वेटर गरम नसतो तर काय असतो? पण विचार करा. बर्फवाला बर्फाची लादी कशात गुंडाळतो? गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात. गोणपाट गरम असते तर बर्फ लगेच वितळला नसता का? उलट बर्फ जास्त वेळ टिकतो. कारण गोणपाट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. स्वेटर हेच काम उलट्या बाजूने करतो. तो आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

आणि उष्णता येते कुठून? आपल्या अंगातून. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. मोठा माणूस नुसता स्वस्थ बसला तरी त्याच्या अंगातून जुन्या १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर पडत असते. आपण जेवतो त्या भाकरीतूनच ती तयार होते. म्हणजे चूल आपल्या अंगातच आहे. स्वेटर हे फक्त तिच्याभोवतीचे झाकण.

हे झाकण कशाचे असते? लोकरीचे? कापसाचे? नाही. ते हवेचे असते! एका जागी थांबलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. लोकरीचे धागे कुरळे असतात. त्यांच्यामध्ये हजारो लहान लहान पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा अडकून बसते. गोधडीत चार जुनी लुगडी एकावर एक शिवलेली असतात, त्यांच्यामध्येही हवाच असते. कोंबडी थंडीत पिसे फुलवून बसते, ती याचसाठी.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. जो कपडा जास्त हवा धरून ठेवतो आणि ती सोडत नाही, तो जास्त गरम. नुसता जाड किंवा नुसता जड कपडा गरम असतोच असे नाही.

घाम हा खरा चोर

आता दुसरी गोष्ट. मामा सांगतो की शहरातली बरीच मुलं डोंगरावर सुती कापडाचा, टोपी लावलेला जाड शर्ट घालून येतात. पायथ्याशी ती अगदी मजेत असतात. चढताना त्यांना घाम फुटतो. घाम त्या सुती कापडात मुरतो. मग वर पोचून फोटो काढायला ती थांबली की दहा मिनिटांत दात वाजू लागतात. कपडा तोच, जाडीही तीच, मग बिघडले कुठे?

बिघडले ते असे. सुती कापडाला पाण्याची फार आवड. उन्हाळ्यात ते बरे असते, घाम टिपला जातो आणि गार वाटते. पण थंडीत तोच गुण दोष होतो. कापूस पाणी पितो, धागे एकमेकांना चिकटतात, आणि मधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज निसटून जाते. म्हणजे झाकण तर गेलेच, पण वर अंगाभोवती गार पाण्याची पट्टी गुंडाळल्यासारखे झाले.

शिवाय ते पाणी वाळतानाही उष्णता घेते. १ ग्रॅम घाम अंगावर वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, बनियन आणि शर्ट मिळून १०० ग्रॅम घाम मुरला. तर तो वाळायला ५८,००० कॅलरी लागतील. एवढ्या उष्णतेत १ लिटर पाणी २० अंशांवरून ७८ अंशांपर्यंत तापवता येईल. विचार करा, चहाचे आधण ठेवावे एवढी उष्णता एक ओला बनियन आपल्याकडून घेऊन जातो!

बाईंनी हे वर्गात करून दाखवले. सारख्या मापाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि तिन्हींत सारखे गरम पाणी भरले. एक बाटली सुती टॉवेलच्या तुकड्यात, दुसरी घोंगडीच्या तुकड्यात आणि तिसरी फ्लीसच्या तुकड्यात गुंडाळली. तिन्ही तुकडे आधी पाण्यात बुडवून पिळून घेतले होते. बाटल्या व्हरांड्यात ठेवल्या. मधली सुट्टी संपल्यावर सुती कापडातली बाटली हाताला गार लागली. बाकीच्या दोन अजून कोमट होत्या. पिळलेल्या फ्लीसमध्ये पाणी जवळजवळ राहिलेच नव्हते. ज्यांनी त्या दिवशी बाटल्यांना हात लावून पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको.

फ्लीस म्हणजे काय?

आता यादीतला तो नवा शब्द. फ्लीस हा मूळचा इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ मेंढीच्या अंगावरची लोकर. पण बाजारात ज्याला फ्लीस म्हणतात त्यात मेंढीचा एक केसही नसतो. ते कापड पॉलिएस्टरचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे असते. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात, त्याच जातीचे हे प्लॅस्टिक. १९९३ पासून तर जुन्या बाटल्या वितळवून त्यांच्या धाग्याची फ्लीस जॅकेटे बाजारात येऊ लागली.

हे कापड बनवतात कसे? आधी पॉलिएस्टरच्या धाग्याचे कापड विणतात. मग बारीक तारांच्या ब्रशांवरून ते फिरवतात, त्यामुळे धाग्यांचे फासे उसवून केस वर येतात. नंतर ते केस सारखे कापून घेतात. मांजराच्या पाठीसारखे मऊ कापड तयार होते. त्या केसांमध्ये हवा अडकते, आणि ऊब मिळते ती त्याच हवेची.

हे कापड अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावच्या मॉल्डन मिल्स या गिरणीने १९७९ च्या सुमारास आणले. पॅटागोनिया नावाची गिर्यारोहकांचे कपडे करणारी कंपनी तिच्याबरोबर होती. त्या गिरणीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री गिरणीला मोठी आग लागली. गिरणीचे मालक एरन फॉयरस्टाइन तेव्हा ७० वर्षांचे होते. विम्याचे पैसे घेऊन ते स्वस्थ घरी बसू शकले असते. पण त्यांनी गिरणी त्याच गावात पुन्हा उभी करायचे ठरवले आणि काम बंद पडलेल्या कामगारांचा पगार कित्येक आठवडे चालू ठेवला. पुढे गिरणी कर्जात बुडाली आणि त्यांच्या हातून गेली, पण लोकांनी त्यांचे नाव लक्षात ठेवले. २०२१ साली ते वारले.

फ्लीसचे गुण असे. ते वजनाला हलके. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या १ टक्कासुद्धा पाणी धाग्यात मुरवून घेत नाही, म्हणून घामाने ओले झाले तरी पिळून झटकले की लवकर वाळते. आणि ओलसर असतानाही ते बऱ्यापैकी ऊब देते.

फ्लीसचे अवगुण

गुण सांगितले तसे अवगुणही सांगायला हवेत, कारण दुकानदार ते सांगत नाही.

पहिला अवगुण, वारा. फ्लीस जाळीसारखे असते. वारा त्यातून आरपार जातो आणि अडकलेली हवा पळवून नेतो. शिखरावर नुसते फ्लीस घालून उभे राहिलात तर ऊब वाटणार नाही. त्याच्यावर वारा अडवणारे काहीतरी हवेच. बाटल्यांच्या प्रयोगात आम्ही हेही पाहिले. फ्लीसवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली बाटली वाऱ्यात जास्त वेळ गरम राहिली.

दुसरा अवगुण, आग. हे पालकांनी नीट वाचावे. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळते. शेकोटीची एक ठिणगी उडाली तरी फ्लीसला भोक पडते. आणि पेटलेच तर ते वितळून कातडीला चिकटते, भाजणे जास्त खोल होते. लोकर तशी नाही. लोकर चटकन पेट घेत नाही आणि वितळून चिकटत नाही. म्हणून शेकोटीजवळ बसताना फ्लीस काढून ठेवावे किंवा अंगावरून घोंगडी घ्यावी.

तिसरा अवगुण, धुण्याचा. फ्लीस धुतले की त्यातून प्लॅस्टिकचे अगदी बारीक तंतू निघून पाण्यात जातात आणि ओढ्या-नदीत पोचतात. म्हणून ते उगीच दर दोन दिवसांनी धुऊ नये. उलटे करून, गार पाण्यात, हलक्या हाताने धुवावे. इस्त्री तर मुळीच फिरवू नये, केस वितळून कापड चपटे होते.

तीन थरांचा नियम

थंड डोंगरावर जाणारे लोक एकच जाडजूड कोट घालत नाहीत. ते तीन थर घालतात, आणि प्रत्येक थराचे काम वेगळे असते.

१. आतला थर. हा अंगाला लागून असतो. त्याचे काम घाम अंगापासून दूर नेणे. खेळाचा पॉलिएस्टरचा बनियन इथे चांगला. सुती बनियनच असेल तर दोन न्यावेत आणि वर पोचण्याआधी ओला बदलून कोरडा घालावा.

२. मधला थर. हा हवा धरून ठेवतो. फ्लीसची जागा ही. लोकरीचा स्वेटरही हेच काम करतो.

३. वरचा थर. याचे काम वारा आणि दव अडवणे. याला ऊब असायची गरज नाही. विंडचीटर किंवा पावसाळ्यातला रेनकोट चालतो.

यातला एकही थर एकटा पुरा पडत नाही. फ्लीस आहे पण विंडचीटर नाही, तर वारा ऊब नेतो. दोन्ही आहेत पण आत घामाने चिंब सुती बनियन आहे, तर चोर घरातच बसलेला.

हा नियम काही नवा नाही. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या शिखराजवळ शेवटचे दिसले, मग परत आलेच नाहीत. १९९९ साली मॅलरींचा देह सापडला. त्यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक पातळ थर होते आणि वर घट्ट विणीच्या गॅबर्डिनचा कोट होता. २००६ साली तसेच कपडे पुन्हा शिवून एका गिर्यारोहकाने ते एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहिले. हवा बरी असेल तर ते चांगले ऊबदार असल्याचे आढळले. तेव्हा फ्लीस कुठे होते? पण थरांचा हिशेब तोच होता.

बाजारात पारख कशी करावी?

ज्यांना विकत घ्यायचे आहे त्यांच्यासाठी या खुणा लिहिते. आठवड्याच्या बाजारात उभ्या उभ्या या सगळ्या करून पाहता येतात.

चिठ्ठी वाचा. गळ्याच्या किंवा कुशीच्या आत एक लहान चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर पॉलिएस्टर, अॅक्रिलिक किंवा लोकर लिहिले असेल तर ठीक. कॉटन जास्त असेल तर शाळेला घालायला छान, डोंगराला नको.

मूठ आवळा. कापड मुठीत घट्ट दाबून सोडा. चांगले फ्लीस लगेच फुलून येते. दबलेले दबलेलेच राहिले तर त्यात हवा राहणार नाही.

उजेडात धरा. कापड उन्हाकडे धरून पाहा. जागोजागी विरळ ठिपके दिसले तर केस नीट धरलेले नाहीत.

उलट चोळा. अंगठ्याने एका जागी पंधरा-वीस वेळा जोरात चोळा. केस सुटून हातात आले किंवा लगेच गोळे धरू लागले तर ते कापड एका हिवाळ्याचेच समजा.

वजन पाहा. चांगल्या कापडावर कधी कधी १००, २०० किंवा ३०० असा आकडा असतो. एक चौरस मीटर कापडाचे वजन तेवढे ग्रॅम, असा त्याचा अर्थ. १०० चे पातळ, चढताना घालायला बरे. ३०० चे जाड, बर्फाळ मुलखासाठी. आपल्या सह्याद्रीतल्या थंडीला २०० चे पुरते. ‘सर्वांत जाड तेच द्या’ म्हणून जास्त पैसे घालवू नका.

हात वर करा. जॅकेट घालून दोन्ही हात शिडी धरल्यासारखे वर करा. पोट उघडे पडले तर ते आखूड आहे. थंड वारा बरोबर तिथूनच शिरतो.

आत जागा ठेवा. आत बनियन आणि शर्ट घालून मग जॅकेट घालून पाहा. अंगाला आवळून बसले तर हवेला जागाच राहत नाही. पण ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन मापे मोठेही घेऊ नका. ते घोळदार होते आणि चालताना आतली गरम हवा खालून निघून जाते. एक माप मोठे चालेल.

चेन आणि गळा पाहा. पुढून पूर्ण चेन असलेले घ्यावे. चढताना उकडले की चेन उघडता येते, डोक्यातून काढावे लागत नाही. गळा उभा आणि हनुवटीपर्यंत येणारा असावा. चेन पाच-सहा वेळा खालीवर करून पाहा.

टोपी, चित्र, मोठे नाव यांसाठी जास्त पैसे देऊ नका. छातीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे त्यावर ऊब ठरत नाही.

विकत घ्यायचे नसेल तर?

आता हे ज्यांच्यासाठी मुख्यतः लिहिले त्यांच्याकडे वळते. फ्लीस नाही म्हणून सहल चुकवायचे काहीच कारण नाही. वर सांगितलेली तीन कामे ज्या कपड्यांनी होतील ते कपडे आपल्याच घरात आहेत.

मधल्या थराला लोकरीचा किंवा अॅक्रिलिकचा जुना स्वेटर चालतो. माझी आजी अॅक्रिलिकच्या धाग्याला अजून कॅशमिलॉन म्हणते. हा धागाही पाणी फारसे पीत नाही. कोपरावर भोक असेल तर रफू करून घ्या. दोन पातळ स्वेटर एकावर एक घातले तर एका जाड स्वेटरपेक्षा बरे, कारण दोघांच्या मध्ये आणखी एक हवेचा थर येतो. ताई-दादांचा लहान झालेला, काका-मामांचा जुना, कोणताही चालेल. बाही लांब असेल तर दुमडायची.

वरच्या थराला पावसाळ्यातला रेनकोट न्या. तो माळ्यावर टाकला असेल, काढून पुसून घ्या. चढताना घालू नका, आत घाम साठतो. थांबल्यावर वाऱ्यात घाला.

आणि घोंगडी! तिला कोणी हसू नये. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय सनगर लोक तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे वीण दाट बसते आणि वारा कमी शिरतो. धनगर बांधव पावसा-थंडीत तिच्याच भरवशावर माळावर रात्री काढत आले आहेत. फ्लीसपेक्षा ती एकाच बाबतीत कमी, वजनात. पाठीवर घेऊन शिखर चढायला ती जड पडते. म्हणून ती पायथ्याच्या मुक्कामासाठी ठेवा. रात्री ती अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली अंथरा. थंड जमीन उष्णता ओढून घेते, आणि अंगाखालचे मऊ पांघरूण दबून त्यातली हवा निघून जाते. घोंगडी राठ असल्यामुळे तशी दबत नाही.

कानटोपी, मफलर आणि कोरड्या पायमोज्यांचा एक जास्तीचा जोड विसरू नका. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात चढवा. कोणी हसले तर हसू द्या, आपले हात गरम राहतील. मात्र शिडी चढताना ते काढून ठेवा, नाहीतर हात निसटेल.

डोंगरावर कसे वापरावे?

मामाचा एक नियम आहे, “चढताना काढ, थांबलास की घाल.” निघताना थोडी थंडी वाजली तरी चालेल. पंधरा मिनिटे चढलो की अंग आपोआप तापते. घाम फुटण्याआधी स्वेटर काढून पिशवीत टाकावा. आणि बसायला थांबलो की थंडी वाजायची वाट न पाहता लगेच घालावा. अंगात ऊब आहे तोवरच झाकण ठेवायचे असते. गार झालेल्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग?

स्वेटर पिशवीत ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दव पडले, पाण्याची बाटली सांडली, तरी तो कोरडा राहतो. रात्री झोपायला दिवसाचे घामट कपडे घालू नका.

आणि एक महत्त्वाचे. एखादा मित्र एकसारखा कुडकुडू लागला, बोलताना अडखळू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा पेंगुळला, तर त्याला थंडी बाधली आहे असे समजा. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले तर जिवाला धोका असतो. कुडकुडणे थांबले पण तो गप्प आणि सुस्त झाला, तर बरे वाटले असे समजू नका, ते जास्त वाईट लक्षण आहे. ताबडतोब गुरुजींना किंवा बाईंना सांगा. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे, खाली-वर पांघरूण द्यावे. पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा किंवा दूध पाजावे. हातपाय जोरजोराने चोळू नयेत, आगीच्या अगदी जवळ बसवू नये, आणि लवकर दवाखान्यात न्यावे.

या लेखाखाली काय लावले आहे?

लेखाखाली चार चिंध्या टाचणीने लावल्या आहेत. पहिली सुती, दुसरी अॅक्रिलिकची, तिसरी घोंगडीची, चौथी फ्लीसची. हात लावा, मुठीत दाबून सोडा आणि कोणती फुलते ते स्वतः पाहा. पालकांनीही पाहावे, म्हणजे बाजारात बोटांना ओळख राहील.

त्यांच्या बाजूला एक कोरा कागद लावला आहे. कोणाला काय पाहिजे, हे त्याच्यावर लिहायचे नाही. कोणाच्या घरात काय जास्त आहे, तेवढेच लिहायचे. मुलाला लहान झालेला स्वेटर, पडून असलेला रेनकोट, एखादी कानटोपी, जे असेल ते. धुऊन, वाळवून सहलीच्या आधीच्या शनिवारी बाईंकडे आणून द्यावे. बाई ते सगळे एका पेटीत ठेवतील. सहलीच्या सकाळी सगळ्या वर्गाचे सामान तपासताना ज्याच्या यादीत जे कमी असेल ते बाई त्या पेटीतून देतील, आणि परत आल्यावर ते पेटीत जमा होईल. पुढच्या वर्षीच्या सातवीलाही ते उपयोगी पडेल.

ज्यांनी अजून नाव दिले नाही त्यांना माझी एवढीच विनंती आहे, नाव द्या. स्वेटरचे आपण सगळे मिळून पाहू. कागदावर पहिली ओळ मीच लिहिली आहे, ‘लोकरीचा स्वेटर १, निळा, उजव्या कोपराला रफू.’

आपली वर्गमैत्रीण,
इयत्ता सातवी